टेक्नोचा ट्रॅक मिनिटांत नाही, बारमध्ये मोजा

हल्ली आपल्याकडची बरीच पोरं टेक्नो, हाऊस असं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक बनवतायत आणि खरंच भारी बनवतायत, किक (ड्रमचा दणका) आणि बेसचा (खालच्या सुरांचा) साउंड तर ऐकत राहावा असा. पण होतं काय, ट्रॅक अंगात भिनायला लागतो न लागतो तोच संपतो. दोन मिनिटं चाळीस सेकंद, खल्लास. विचारलं तर उत्तर ठरलेलं, दादा आता लोकांना पेशन्स नाहीये, मोठं कोण ऐकतंय. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज सगळंच लिहून टाकतो.

आधी साधं गणित. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) एक बार, म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन, दोन सेकंदांचा, म्हणजे 32 बार 64 सेकंदांचे. आता 32 बार नुसती किक आणि हॅट (झांजेचा बारीक ठेका), जी डीजेला आधीच्या ट्रॅकवर बसवायला लागतेच, मग 32 बार बेसलाईन, झाली की दोन मिनिटं! अजून मुख्य सिंथ (सिंथेसायझरची धून) आलेला नाही, ब्रेकडाऊन (ठेका थांबतो तो भाग) नाही, आऊट्रो (शेवटचा भाग) तर लांबच. हेच सगळं पुरेसा वेळ देऊन केलं की आपोआप सहा-सात मिनिटं होतात, कोणी मुद्दाम ताणलेलं नसतं. आणि ड्रम अँड बेस हा वेगवान प्रकार 174 बीपीएमला चालतो तिथे तेच 32 बार 44 सेकंदांत उरकतात, त्यामुळे तिकडे साडेचार-पाच मिनिटांचा ट्रॅक पूर्ण वाटतो. म्हणून सगळ्यांना एकच मिनिटांची पट्टी लावणं मला चुकीचं वाटतं.

पैशाचा मुद्दा मला कळतो. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की स्ट्रीम मोजला जातो, पुढे तुम्ही दोन मिनिटं ऐका नाहीतर दहा, मोजणी एकच. त्यात छोट्या गाण्याचा फायदा आहे हे उघड आहे. पण ही हिशोबाची सोय झाली, त्यावरून संगीत कसं असावं हे का ठरवायचं?

तसं बघितलं तर लांबी कायम यंत्रानेच ठरवलीय. सात इंची रेकॉर्डवर तीन-चार मिनिटं धड मावायची. सत्तरच्या दशकात टॉम मोल्टनसारख्या रीमिक्स करणाऱ्या लोकांनी डिस्कोसाठी बारा इंची सिंगल आणली, खाचा रुंद झाल्या, बेस दणकून वाजायला लागला आणि गाण्याला मोकळी जागा मिळाली. 1975 मध्ये निर्माता जॉर्जिओ मोरोडरने गायिका डोना समरचं एक गाणं जवळजवळ 17 मिनिटांचं केलं, एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, अख्खी एक बाजू! लोक नाचलेच की त्यावर.

आणि आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या ना. वादक चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये टीबी-303 (बेसचं यंत्र), टीआर-808 (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-8 (सिंथेसायझर) घेऊन दहा राग डिस्को बीटवर वाजवले, शिकागोत अ‍ॅसिड हाऊस हा 303 वरच घडलेला प्रकार जन्मायच्या आधी. जगभरचे लोक आज तो अल्बम ऐकून थक्क होतात, मीही होतो. पण दहाच्या दहा राग एकाच एलपीत बसवल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाचच मिनिटं आली. त्यातला ललित ऐका, 303 ची ती घसरत जाणारी बेसलाईन आत्ता कुठे रंगात येतेय असं वाटतं आणि संपतो. मला तो पंधरा मिनिटांचा हवा होता, मनापासून हवा होता.

वेळ दिला की काय होतं ते जर्मन गिटारिस्ट मान्युएल ग्योटशिंगच्या ई2-ई4 मध्ये ऐका. डिसेंबर 1981 मध्ये एका बैठकीत रेकॉर्ड केलेला तासाभराचा तुकडा, 1984 मध्ये आला, कॉर्ड फक्त दोन. गिटार येते ती पार दुसऱ्या अर्ध्यात! तोवर तुमचे कान त्या सिक्वेन्सवर (परत परत येणाऱ्या सुरांच्या साखळीवर) इतके बसलेले असतात की गिटारचा पहिला सूर लागला की काटा येतो अंगावर. तीच गिटार दुसऱ्या मिनिटाला आणून बघा, काहीही होणार नाही. गोव्यात अंजुण्याच्या पार्ट्यांमधून जो ट्रान्स हा प्रकार घडला तोही असाच, आठ-नऊ मिनिटांचे ट्रॅक, फिल्टर (आवाज दबका किंवा उजळ करणारं साधन) इतका हळू उघडत जातो की कधी उघडला ते कळतच नाही.

आता लांब म्हणजे चांगलंच असं नाही बरं का. आठ बारचा लूप पन्नास वेळा कॉपी-पेस्ट केलेले ट्रॅकही ढिगाने आहेत आणि ते रटाळच असतात. दर 16 बारला काहीतरी हललं पाहिजे, एखादी शेकर (खुळखुळा) आत, क्लॅपवरचा (टाळीच्या आवाजावरचा) रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, थोडा वाढला, एवढंसंही पुरतं. ते सुचत नसेल तर खुशाल तीन मिनिटांत संपवा, माझी काही हरकत नाही.

पण सुचलेलं कापू नका रे. सहा-सात मिनिटांचं पूर्ण व्हर्जन तुमच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये पडलेलं असतं, मला माहितीये, आणि बाहेर फक्त एडिट (कापलेलं छोटं व्हर्जन) येते. दोन्ही टाका. रीलसाठी छोटं ठेवा, डीजेंना आणि आमच्यासारख्यांना एक्स्टेंडेड द्या, आणि ज्यांच्याकडे असं न कापलेलं काही असेल त्यांनी खाली लिंक टाका, मी शेवटच्या बारपर्यंत ऐकून सविस्तर लिहीन.