तोरोची वाईन, तिखट मटण आणि एक खुलासा

'दमदार स्पॅनिश रेड वाईन झणझणीत मटणाबरोबरच खुलते आणि ती रूम टेंपरेचरलाच प्यायची असते' असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

स्पेनच्या सामोरा प्रांतातली तोरोची वाईन घ्या. द्राक्ष टिंटा दे तोरो, म्हणजे टेम्प्रानियो या स्पॅनिश लाल द्राक्षाचाच तिथला अवतार. अल्कोहोल बहुधा १४-१५ टक्के, टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक, भरपूर. घोट घेतल्यावर हिरड्या आवळतात त्या या टॅनिनमुळे. मांसातली प्रथिनं आणि चरबी हा तुरटपणा मऊ करतात. म्हणून त्या भागात सोबतीला असतं लेचासो: दूधपित्या कोकराचं मांस, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. मसाला म्हणाल तर मीठ, पाणी, फार तर थोडी चरबी. नाहीतर मेंढीच्या दुधाचं मुरलेलं सामोरानो चीज. तिखटावर अल्कोहोल पडलं की जाळ वाढतो, तुरटपणा आणखी बोचतो आणि वाईनमधला काळ्या फळांचा स्वाद हरवतो. तांबड्या रश्श्याबरोबर ही बाटली उघडली तर दोघांचंही वाटोळं, असं माझं स्पष्ट मत. (रश्श्याचं जास्त वाईट वाटेल!)

राहिलं तापमान. 'रूम टेंपरेचर' हा युरोपातल्या जुन्या, गार घरांचा हिशेब. १६ ते १८ अंश योग्य. आपल्याकडे मे महिन्यात बाटली थोडा वेळ खुशाल फ्रिजमध्ये ठेवा.