निर्यातीतून कंपनी काहीच शिकत नाही?

उद्योगांच्या चर्चेत एक विधान वारंवार फिरतं: "निर्यात करणाऱ्या कंपन्या मुळातच सरस असतात, निर्यातीने कोणी सुधारत नाही. तेव्हा आधी संशोधन करा, निर्यातीचं मग बघू."

यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे. परदेशी ग्राहक शोधणं, प्रमाणपत्रं मिळवणं, तिथल्या नियमांप्रमाणे माल बदलणं, हा सगळा खर्च पहिली ऑर्डर हातात पडण्याआधीचा. ज्यांना तो झेपतो तेच उतरतात. अमेरिकी कारखान्यांच्या आकडेवारीत बर्नार्ड आणि जेन्सन या अर्थतज्ज्ञांना हेच दिसलं होतं.

पण "कोणी सुधारत नाही" हे साफ चूक. इजिप्तमधल्या फुवा गावातल्या छोट्या गालिचा उत्पादकांवर अ‍ॅटकिन, खंडेलवाल आणि ओस्मान या अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला. निर्यातीची संधी कोणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे "ते आधीच हुशार होते" म्हणायला जागाच उरली नाही. संधी मिळालेल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. खरी गंमत पुढे आहे. दोन्ही गटांना सारखाच माग, सारखंच सूत देऊन एकाच नमुन्याचा गालिचा विणायला लावला. जाणकारांनी तपासला, तेव्हा निर्यातवाल्यांची वीण घट्ट आणि कोपरे सरळ निघाले, वेळही जास्त लागला नव्हता. ग्राहकाने आणि मध्यस्थाने ज्या चुका दाखवल्या होत्या, नेमक्या त्याच बाबतीत काम सुधारलेलं होतं. याला शिकणं नाही तर काय म्हणायचं?

आणि "आधी संशोधन, मग निर्यात" हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. नवं यंत्र किंवा नवं डिझाइन यावरचा खर्च एकदाच होतो, तो किती नगांवर पसरतो यावर परवडणं ठरतं. बाजार मोठा झाला की कालपर्यंत न परवडणारा खर्च परवडू लागतो. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या व्यापार करारामुळे ब्राझीलने आयातशुल्क घटवलं, तेव्हा शुल्क जिथे जास्त उतरलं त्या क्षेत्रांतल्या अर्जेंटिनी कंपन्यांनी तंत्रज्ञानावरचा खर्च जास्त वाढवला, हे अर्थतज्ज्ञ पाउला बुस्तोस यांनी दाखवलं. म्हणजे बरेचदा दोन्ही निर्णय एकत्रच होतात.

१९८९ च्या अमेरिका-कॅनडा मुक्त व्यापार करारानंतरचं चित्र तर या विधानाच्या अगदी उलट आहे. शुल्क घटल्यामुळे जे कॅनडातले कारखाने नव्याने निर्यातीत उतरले, त्यांत उत्पादकतेची सर्वात मोठी झेप आधी मागे असलेल्यांनी घेतली. नवी उत्पादनं आणि आधुनिक तंत्रंही त्यांनीच जास्त आणली.