रानसशाची लेंडी आणि नर-मादीचा निवाडा

रत्नागिरी-राजापूर परिसरात सध्या एक संदेश फिरतो आहे. सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या) रानसशाच्या लेंड्या प्रयोगशाळेत द्याव्यात, डीएनएत ‘वाय’ गुणसूत्र सापडले तर नर, न सापडले तर मादी, आणि लेंड्या मोजल्या की नर-माद्यांचे प्रमाणही कळते. आता ससा हाताळून पाहण्याची गरज उरली नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

‘वाय सापडला तर नर’ हे तत्त्वतः बरोबर आहे. सशातही मादी एक्सएक्स व नर एक्सवाय असतो, आणि 1990 साली ओळखला गेलेला एसआरवाय हा नर घडवणारा जनुक वाय गुणसूत्रावर असतो. मात्र प्रायमर (चाचणीत ठरावीक जनुक शोधून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) सर्वच सस्तन प्राण्यांना लागू पडणारे असतील, तर उघड्या हाताने लेंडी उचलणाऱ्या पुरुषाचा वाय सशाच्या नावे नोंदला जाऊ शकतो.

खरी चूक ‘न सापडला तर मादी’ या वाक्यात आहे. लेंडीतील सशाचा डीएनए आतड्याच्या अस्तरातून झडलेल्या मोजक्या पेशींचा असतो, बाकी बहुतेक भाग गवताचा आणि जिवाणूंचा. कातळावरचे ऊन आणि पावसाळ्यातील ओल यांनी हा डीएनए तुटतो, शिवाय वनस्पतींतील काही द्रव्ये पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती करून तो शोधण्याची, अभिक्रियाच रोखतात. त्यामुळे नर-मादी दोघांतही असणारा सशाचा दुसरा एखादा जनुकखंड सोबत तपासावा लागतो. तो दिसला आणि एसआरवाय पुनःपुन्हा तपासूनही दिसला नाही, तरच मादी म्हणता येते. ही अट गाळली की प्रत्येक निकामी लेंडी मादीच्या खात्यावर जमा होते.

मोजणीचा मुद्दा तर टिकतच नाही. एक ससा दिवसाला शेकडो लेंड्या टाकतो; कोणती लेंडी कोणत्या सशाची, हे वेगळ्या जनुकीय खुणांनी ठरवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हाताळून पाहण्यात फसगत होते, हे मान्य. विणीचा काळ नसताना नराचे वृषण आत ओढले जातात आणि मादीचे शिस्निका हे इंद्रिय इतके लांब असते की नवखा माणूस तिला नर समजतो. परंतु महामार्गावर वाहनाखाली मेलेल्या सशाच्या शवविच्छेदनात गर्भाशय किंवा वृषण स्पष्ट दिसतात, आणि जनुकीय चाचणीला असेच नमुने आधी लागतात: पाळीव सशाची गुणसूत्रे 44, रानसशाची 48, तेव्हा एकासाठी बनवलेले प्रायमर दुसऱ्यावर चालतात की नाही, हे लिंग आधीच ठाऊक असलेल्या रानसशांवर पडताळावे लागते. असे नमुने घेण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी, कारण रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो.