तेरा विषयांची माया

माया हा शब्द मराठी माणसाला तीन ठिकाणी भेटतो: आईजवळ, वेदान्त्यांकडे आणि कंत्राटदाराच्या तिजोरीत. मला गेल्या उन्हाळ्यात ती चौथ्या ठिकाणी भेटली. लंडनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात मी प्राथमिक शाळेत पाचवीचा वर्ग शिकवते. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिकांनी अत्यंत गोड हसून मला सांगितले की, पुढच्या संपूर्ण सत्राचा विषय मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोक हा असून तो केवळ इतिहासाच्या तासाला नव्हे, तर सर्व विषयांतून शिकवायचा आहे, आणि त्याची आखणी मी सुट्टीत ‘सवडीने’ करावी. हेडबाई गोड हसल्या की काहीतरी आपल्या गळ्यात पडणार, हा नियम साताऱ्यात आणि इंग्लंडात सारखाच आहे.

ही कल्पना मला नवी नव्हती. साताऱ्यात डी.एड. करताना तिला समवाय म्हणतात हे मी शिकले होते, आणि नदी या विषयावर समवाय साधून एक पाठही घेतला होता. भाषेत नदीची कविता, गणितात होडीचा वेग, चित्रकलेत नदीकाठचे देऊळ, असे सगळे टाचणात नीट लिहिले होते. निरीक्षणाला आलेले गुरुजी शेवटच्या बाकावर बसून शांतपणे ऐकत राहिले आणि पाठ संपल्यावर एवढेच म्हणाले, “बाई, नदी छान होती, पण पोरांना भागाकार आला का?” तो प्रश्न मी सातासमुद्रापार घेऊन आले आहे, आणि त्याचे उत्तर अजून माझ्याजवळ नाही.

इथे मात्र आखणीचा कागद टाचणाच्या वहीइतका साधा नव्हता. इंग्लंडच्या अभ्यासक्रमातील अकरा विषय, त्यांत धर्मशिक्षण आणि व्यक्तिमत्त्व-आरोग्य शिक्षण मिळवून तेरा. सत्राचे आठवडे बारा. म्हणजे एकूण १५६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत माया हवी. माया लोकांची धार्मिक दिनदर्शिकाही तेरा आकडे आणि वीस दिवसनावे यांच्या गुणाकाराने २६० दिवसांची होते, हे मला पहिल्याच रात्री वाचायला मिळाले. त्यामुळे आमच्या शाळेने सत्र वीस आठवड्यांचे केले नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले.

पहिला घोळ इतिहासाच्याच रकान्यात झाला. २०१४ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात युरोपबाहेरील एक संस्कृती निवडायची असते: इ.स. ९०० च्या सुमाराचे बगदाद आणि आरंभीची इस्लामी संस्कृती, पश्चिम आफ्रिकेतील बेनिन, किंवा इ.स. ९०० च्या सुमाराची माया संस्कृती. ९०० हा आकडा ज्याने कोणी घातला, त्याने तो काय विचाराने घातला हे मी रात्री अंथरुणावर पडून पुष्कळ वेळा मनाशी घोळवले आहे. कारण दक्षिणेकडील सखल प्रदेशातील मोठमोठी माया नगरे नेमकी त्याच सुमारास ओस पडत होती. तिकाल या नगरात तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ.स. ८६९ चा आहे, आणि दीर्घगणना या माया लोकांच्या दिवस मोजण्याच्या पद्धतीतील सर्वांत शेवटची ज्ञात तारीख तोनिना या ठिकाणची, इ.स. ९०९ ची. म्हणजे आम्ही मुलांना घेऊन लग्नघरी पोहोचायचे ते मांडव उतरवून आचारी पातेली मोजत असताना. उत्तरेकडे चिचेन इत्सा तेव्हा भरभराटीला येत होते हे खरे, पण राजे, शिलास्तंभ आणि राजवाड्यांतील भानगडी ही सगळी गंमत आधीच्या सहाशे वर्षांतली. शेवटी मी ‘च्या सुमारास’ या शब्दांत सहाशे वर्षे बसवली आणि पुढे गेले.

गणिताने मला सुखावले, आणि त्याच कारणाने गोत्यातही आणले. माया लोक विसाच्या पटीत मोजत. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपला म्हणजे शून्य. आकडे एकावर एक रचायचे, खालच्या घरात एकं आणि वरच्या घरात विसं. माझ्या वर्गाचा पट ३०, म्हणजे वर एक ठिपका आणि खाली दोन रेघा. हे वाचताच मला माझी आजी आठवली, जी शाळेत कधी गेली नाही, पण गोवऱ्या ‘तीन विसा आणि वर सात’ अशा बिनचूक मोजत असे. मी उत्साहाने सहा तासांचे गणित माया पद्धतीने आखले. गणिताच्या प्रमुख बाईंनी तो कागद पाहून विचारले की, पाचवीला रोमन अंक आहेत, माया अंक कुठे आहेत? मी म्हटले, रोमनांना शून्य नव्हते, यांना होते. त्या म्हणाल्या, परीक्षेत रोमन येते, शून्य मुलांना मी देईन. सहा तासांचा एक तास झाला.

भाषेच्या रकान्यात मी जास्त रमले, हे कबूल केले पाहिजे. माया लिपीत काही चिन्हे संपूर्ण शब्दांची आणि काही एकेका अक्षराची असतात. चॉकलेटच्या मूळ पेयाचा शब्द ‘काकाव’. तो लिहिताना का-का-वा अशी तीन अक्षरे जोडत आणि शेवटचा स्वर उच्चारत नसत. शिक्षकांच्या बैठकीत हे समजावताना माझ्या इंग्रज सहकाऱ्यांचे चेहरे कोरे राहिले, आणि मला मात्र यात समजावण्यासारखे काय आहे तेच कळेना, कारण राम लिहून शेवटचा अ गिळण्यातच माझा जन्म गेला आहे. त्याच वाचनात दिएगो दे लांदा हा स्पॅनिश धर्मगुरू भेटला. त्याने १५६२ च्या जुलैत मानी या गावी माया पोथ्यांची होळी केली, आणि आज जगात अशा पोथ्या अवघ्या चार उरल्या आहेत. पण याच गृहस्थाने माया चिन्हांची एक वर्णमालाही लिहून ठेवली होती, आणि ती पुढे १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाला लिपी उलगडताना उपयोगी पडली. पोथ्या जाळल्या त्यानेच, आणि टाचणही ठेवले त्यानेच. टाचणाचा महिमा मी डी.एड.पासून ऐकत आले होते, पण तो इतका असेल असे वाटले नव्हते.

याच सुमारास घरच्यांनी मदत करण्याचे ठरवले. पुण्याच्या चुलतभावाने निरोप पाठवला की माया म्हणजे मयासुराचेच वंशज, मयसभा बांधून तो थेट मेक्सिकोला गेला, हे तू मुलांना सांगच. मी त्याला असा कोणताही पुरावा नाही असे कळवले, तेव्हा त्याने मला इंग्रजांची मिंधी ठरवले. आईला मी फोनवर सांगितले की हे लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवून, रात्रभर भिजवून मग वाटत, त्याने साल सुटते आणि मका अंगी लागतो. त्यावर ती म्हणाली, “अगं, मग तुझ्या त्या पोरांना आधी धड जेवायला शिकव.” नवऱ्याने कौतुकाने माचू पिच्चूचे एक भले मोठे भित्तिचित्र विकत आणले. ते इंका लोकांचे, पेरू देशातले आणि पंधराव्या शतकातले असल्याचे मी सांगितल्यावर तो दुखावला, आणि ते आता आमच्या न्हाणीघराच्या दारावर आहे.

विज्ञान आणि संगीत मी झटपट उरकले. चॉकलेट वितळवले की विज्ञान झाले. बोनाम्पाक या माया नगरातील भित्तिचित्रांत लांब तुताऱ्या वाजवणारे वादक आहेत, म्हणून तीस मुलांना मातीच्या शिट्ट्या करायला लावण्याचा विचार मी केला होता; मग शेजारच्या वर्गातील बाईंची प्रकृती लक्षात घेऊन सोडून दिला.

चॉकलेटचे पेय करण्याचा पाठ मात्र १५६ चौकटींतला सर्वांत अवघड ठरला. माया लोक ते बिनसाखरेचे, कधी मिरची घालून, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत फेस आणून पीत. हे मी लिहून देताच शाळेकडून जोखीम मूल्यमापनाचा सात पानी तक्ता आला: उंचावरून ओतणे म्हणजे भाजण्याचा धोका, मिरची म्हणजे डोळ्यांचा धोका, चॉकलेट म्हणजे दातांचा धोका आणि दोन मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी. सरतेशेवटी मंजूर झालेल्या पाठात मुले थंड पाण्यात कोको पावडर चमच्याने ढवळणार आहेत. पुढे कोकोच्या बिया चलन म्हणूनही वापरल्या जात, तेव्हा त्यांवर वर्गात बाजार भरवण्याची माझी योजनाही ‘मुले पैसे खातील’ या शेऱ्यासह परत आली. हा शेरा मी मराठीत मनाशी वाचला आणि एकटीच हसले.

सहलीचा प्रश्न त्यामानाने सोपा वाटला होता. ब्रिटिश म्युझियम गाडीने तासाभरावर. तिथे याशचिलान या नगरातील कोरीव पट्ट्या आहेत, ज्या आल्फ्रेड मॉडस्ले या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात इथे आणल्या. मी आधी एकटीच पाहून आले. त्यांतल्या सर्वांत सुंदर पट्टीवर इ.स. ७०९ मधला प्रसंग आहे: राजा पेटती मशाल धरून उभा आहे आणि समोर गुडघ्यांवर बसलेली राणी जिभेतून काटेरी दोर ओढून देवांना रक्त अर्पण करते आहे. राणीचे नाव काबाल शोक. (मराठी वाचकाला त्या नावाचे वेगळे भाषांतर द्यावे लागत नाही.) तिच्या वस्त्रावरचे विणकाम दगडात इतके बारीक उतरले आहे की मी अर्धा तास तिथेच उभी राहिले. मग पालकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा डोळ्यांपुढे आला, आणि मी सहलीची चौकट पेन्सिलीने भरली.

राहता राहिला खेळ. चेंडूचा खेळ माया नगरांत सर्वत्र होता. भरीव रबराचा जड चेंडू हाताने न धरता मुख्यतः कमरेने टोलवायचा. चिचेन इत्साचे मैदान १६८ मीटर लांब आहे आणि त्याची दगडी कडी सुमारे सहा मीटर उंचीवर आहेत. आमच्या सभागृहात मी हुलाहूप दोरीने टांगून फोमच्या चेंडूची सोय केली. पण सभागृह मिळेना. मंगळवारी तिथे जेवणाची टेबले, गुरुवारी गायन, शुक्रवारी सभा, आणि माझा खेळाचा तास दर पंधरवड्याला सरकणारा. माया लोकांची २६० दिवसांची आणि ३६५ दिवसांची अशा दोन दिनदर्शिका एकमेकींत दात्यांसारख्या फिरत आणि तोच जोड पुन्हा ५२ वर्षांनी जुळत असे. आमच्या वेळापत्रकातही खेळाचा तास आणि मोकळे सभागृह यांचा योग साधारण तेवढ्याच काळाने येतो.

सर्व चौकटी भरून झाल्यावर तळाशी एक आडवी ओळ उरली: ‘मूलभूत ब्रिटिश मूल्ये’. लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि परस्पर आदर यांचा संबंध प्रत्येक विषयाशी दाखवावा लागतो. पालेन्के या नगराचा राजा पाकाल बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८ वर्षे राज्य करत राहिला, यात लोकशाही मला सापडली नाही. युद्धकैद्यांच्या बाबतीत व्यक्तिस्वातंत्र्याचा उल्लेख न केलेला बरा. दोन दिवस विचार करून मी लिहिले, ‘राज्यकर्त्यांनी प्रजेसाठी आधी स्वतः वेदना सोसणे’, आणि पुढे काबाल शोकची पट्टी जोडली.

मुख्याध्यापिकांनी तो भला मोठा कागद टेबलावर पसरून शांतपणे वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. “हे ब्रिटिश मूल्य आहे?” असे त्यांनी विचारले, आणि मग आम्ही दोघी काही क्षण खिडकीबाहेर पाहत राहिलो. मी ती ओळ खोडून तिथे ‘चेंडूच्या खेळातून खिलाडूवृत्ती’ असे लिहिले. त्यांना ते फार आवडले. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. चिचेन इत्साच्या त्या मैदानाच्या भिंतीवर एक खेळाडू गुडघ्यावर टेकलेला आहे, त्याच्या मानेतून रक्ताचे सर्प उसळत आहेत आणि त्याचे मस्तक समोरच्या खेळाडूच्या हातात आहे, याबद्दल त्यांनी काही विचारले नाही, आणि मीही ते आपण होऊन सांगितले नाही.