पाणी प्यायला आलेल्याचा मोबाइल नंबर कशाला पाहिजे?

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. तरी उन्हातनं आलेला कुणी दारात उभा राहून "पाणी मिळेल का" म्हणाला की आमच्या घरातनं तांब्या बाहेर जातो. नंबर काय तुझा, याआधी कुणाच्या दारात प्यालास, इथनं पुढं कुठं जाणार, असलं कुणी विचारत नाही. आणि माझ्या वेबसाइटवर सात महिने नेमकं हेच चाललं होतं. माझ्या नावानं, माझ्या वडिलांचा फोटो वर लावून!

साइट म्हणजे काही दुकान नाही. वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक घर रंगवत मोर, वेल, फुलं उभी करायचे, मग त्यावरनं जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोकांची कार्डं पंच व्हायची. ते गेले, ट्रंकेत शंभरेक ग्राफ निघाले. वाळवी लागायच्या आत फोटो काढले आणि म्हटलं, लोकांना बघू दे. विकायचं काही नाही, जाहिरात नाही. या, मोर बघा, जा.

नव्या पेठेतल्या एका पोरानं साइट करून दिली. दिसायला झकास. परवा भाचीचा पुण्याहून फोन. "मामा, आजोबांचे मोर बघायला गेले तर तुमची साइट माझं लोकेशन मागतीय. कशाला?"

बायकोच्या मोबाइलवर उघडली. आधी आडवी पट्टी: कुकीज वापरतो, मान्य करा. 'मान्य'चं बटण हिरवंगार, तळहाताएवढं. नकार द्यायचा तर करड्या रंगात मुंगीएवढ्या अक्षरात 'पर्याय', त्यात शिरलं की एकोणीस खटके, आणि सगळे आधीच चालू करून ठेवलेले. ते मिटवलं तर लोकेशन द्या. ते मिटवलं तर नोटिफिकेशन चालू करा. ते मिटवलं तर मोराच्या तोंडावर चौकोन: 'नाव आणि मोबाइल नंबर टाका, नवे अपडेट मिळवा.' अहो, वडील वारून अकरा वर्षं झाली! कसले नवे अपडेट देणार आहे मी?

मग खाली बारीक अक्षरात ती प्रायव्हसी पॉलिसी. सगळी इंग्रजीत. पहिलंच वाक्य, तुमची गोपनीयता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. म्हणजे खिशात हात घालता घालता तुमचा खिसा आम्हाला फार मोलाचा वाटतो म्हणायचं. पुढं वाचत गेलो तसं डोकं सटकत गेलं. तुमच्या कार्डाची माहिती आम्ही सुरक्षित ठेवतो. कुठलं कार्ड? इथं एक रुपया कुणी देत नाही, घेत नाही. तुमची माहिती आम्ही विश्वासू भागीदारांना देऊ शकतो. कोण भागीदार? वडिलांनी जन्मात कुणाशी पानटपरीचीसुद्धा भागीदारी केली नाही. आणि वाद झाल्यास कॅलिफोर्नियाच्या कोर्टात! मी भवानी पेठेत राहतो. मोर बघणारा अक्कलकोटचा, दाखवणारा सोलापूरचा, आणि भांडायला दोघांनी अमेरिकेला जायचं! दुसऱ्याची पॉलिसी उचलून चिकटवताना नाव तेवढं बदललं होतं, तेही दोन ठिकाणी राहिलं होतं.

त्या पोराला फोन लावला. म्हणाला, "काका, टेम्प्लेटमध्येच, तयार साच्यातच असतंय ते. सगळेच लावतेत."

सगळेच लावतेत! हेच ते वाक्य. या एका वाक्यावर अख्खा धंदा उभा आहे.

मी म्हटलं, बाबा, त्यातनं मला काय मिळतंय? तर म्हणे, "कळतंय की काका. किती जण आले, कुठल्या गावातनं, कुठला मोबाइल, किती सेकंद थांबले." मला नाही कळून घ्यायचं! एखादी बाई दुपारी तीन वाजता माझ्या वडिलांचा मोर चाळीस सेकंद बघत बसली, तर ते तिचं चाळीस सेकंदांचं सुख आहे. मी वहीत लिहून काय करू? आणि मलाच कळलं असतं तरी एक वेळ ठीक. खरी बोंब पुढं आहे.

पान उघडायचं तर ब्राउझरला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा नंबर, सांगावाच लागतो, नाहीतर पान परत पाठवायचं कुठं? त्याची एक ओळ सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथं ठेवलीय त्या संगणकावर, नोंदली जाते. इथवर माझी तक्रार नाही. पण पानात दुसऱ्या कंपनीचा कोड घुसवला की बघणाऱ्याचा मोबाइल त्याच क्षणी त्या कंपनीच्या सर्व्हरलाही जाऊन भेटतो. हा माणूस, हा फोन, हे पान. वर ती कंपनी त्याच्या ब्राउझरात स्वतःची चिठ्ठी ठेवते, ती कुकी. उद्या तोच माणूस दुसरीकडं बीपीच्या गोळ्यांची माहिती वाचायला गेला आणि तिथंही त्याच कंपनीचा कोड असला, की चिठ्ठी ओळखली जाते. मोर बघणारा आणि बीपीवाला एकच, हिशेब जुळला. ही कुकी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी काढली ती साइटला तुमची आठवण राहावी म्हणून. पाठलाग करायला नव्हे!

बटण दाबायची गरजसुद्धा नसते. नकाशा, व्हिडिओ, अगदी अक्षरांचा फॉन्ट बाहेरनं आणला तरी पत्ता जातो. जर्मनीत म्युनिकच्या कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये एका साइटवाल्याला याच कारणासाठी बघणाऱ्याला १०० युरो द्यायला लावले. गूगलचे फॉन्ट थेट तिकडनं ओढले आणि न विचारता आयपी पत्ता गूगलला गेला, एवढ्यावर. आपल्याकडं हे सांगितलं तर लोक हसतात.

का हसतात? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना वर दीड वर्षाची सवलत. त्या कायद्यात चांगलं कलम आहे. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मान्य भाषांच्या यादीतल्या, कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही बोलतात, आणि चारही त्या यादीत आहेत. आता शेजारच्या विडीकाम करणाऱ्या मावशींना ती इंग्रजी पॉलिसी दाखवून 'मान्य' दाबून घ्यायचं आणि त्याला संमती म्हणायचं? अंगठा उमटवून घेणाऱ्या सावकारात आणि आपल्यात फरक काय मग?

आणि हे नुसतं साइटचं नाही. परवा बनियन घ्यायला गेलो. "नंबर सांगा." का? "बिल होत नाही नंबरशिवाय." नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. मी सांगितलं, बनियन ठेव तुझ्याजवळ. मागं रांग होती, लोक माझ्यावरच चिडले. नंबर मागणाऱ्यावर कुणी नाही!

दोन रात्री भाचीला फोनवर धरून सगळं उपटून काढलं. येणारे-जाणारे मोजणारं ॲनालिटिक्स गेलं, नोटिफिकेशन गेलं, नंबरचा चौकोन गेला, फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर आला. कुकी एकही नाही, म्हणून पट्टीही नाही. पॉलिसी आता मराठीत, पाच ओळींची:

"तुम्ही आलात, मोर बघितलेत, गेलात. आम्ही तुमचं नाव, नंबर, गाव काही विचारत नाही आणि लिहून ठेवत नाही. सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीकडं तुमचा आयपी पत्ता आणि वेळ काही दिवस राहते. ते थांबवणं आमच्या हातात नाही. आम्ही ते उघडून बघत नाही."

भाचीनं पाचही ओळी ऐकल्या आणि शेवटची पुन्हा वाचायला लावली. म्हणाली, मामा, हे असं कुणी लिहीत नाही. मग लिहायला लागा की!

आणि काल त्या पोराचं बिल आलं. साइटचे ठरलेले पैसे त्याला केव्हाच दिलेत. हे वेगळं. त्यात एक ओळ आहे, 'प्रायव्हसी पॉलिसी तयार करणे, रुपये १,५००'. कॅलिफोर्नियाच्या कोर्टासकट! ते मी देणार नाही. एक पैसा देणार नाही.