जपानची माकडे गरम पाण्यात झोपत नाहीत

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा फोन करून माणूस बसेल एवढा टब कुठे मिळेल, अशी चौकशी केली. ती 74 वर्षांची आहे आणि रोज रक्तदाबाची गोळी घेते. तिला व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशात म्हटले होते की, जपानमधली माकडे हिवाळ्यात रात्रभर गरम पाण्याच्या कुंडात झोपून जगतात, प्राणी झोपायची जागा केवळ ऊब पाहून निवडतात, आणि म्हणून ज्येष्ठांनीही झोपण्यापूर्वी तासभर कढत पाण्यात बसावे. आमच्या सोसायटीच्या गटावरही हाच संदेश दोनदा आला, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा धादांत खोटा आहे. संदेशातले छायाचित्र नागानोजवळच्या जिगोकुदानीचे आहे. 1964 साली सुरू झालेल्या त्या उद्यानात माकडांना खाद्य दिले जाते. ती दिवसा डोंगरातून खाली येतात, कुंडात बसतात आणि संध्याकाळी झोपण्यासाठी रानात परततात. झोपेत अंग सैल पडल्यावर त्यांची मान पाण्याबाहेर कोण धरून ठेवणार, हा साधा प्रश्नही कुणाला पडू नये? हिवाळ्यातल्या रात्री जपानी माकडे खरोखर काय करतात, हे संशोधक हिरोयुकी ताकाहाशी यांनी जपानच्या किंकाझान बेटावर पाहिले आणि 1997 साली ‘प्रायमेट्स’ या नियतकालिकात मांडले. रात्री कोण कोणाला बिलगून झोपते, हाच त्या लेखाचा विषय आहे. अंगाला अंग भिडले की उघडी कातडी कमी उरते आणि पोट व छाती या विरळ केसांच्या भागांना वारा लागत नाही. ऊब मिळते ती अशी.

दिवसाच्या स्नानाचा माकडांना उपयोग होतो, एवढे मात्र मान्य करावे लागते. जिगोकुदानीतल्या बारा माद्यांच्या 2018 सालच्या अभ्यासात स्नानाच्या काळात त्यांच्या विष्ठेतले ताणाचे संप्रेरक कमी आढळले होते. त्याचा झोपेशी संबंध नाही.

दुसरा मुद्दा अर्धवट आहे. इथिओपियातली गेलाडा जातीची माकडे रात्री उभ्या कड्यांवर झोपतात, ते मुख्यतः शिकारी प्राण्यांच्या भीतीने. जागा निवडताना थंडीइतकाच जिवाचा धोकाही पाहावा लागतो.

तिसरा मुद्दा घातक आहे. कढत पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि उठून उभे राहताना भोवळ येऊ शकते. ज्या जपानचे नाव पुढे केले आहे, तिथे दरवर्षी हजारो वृद्ध स्नानाच्या वेळी दगावतात आणि तिथली ग्राहक व्यवहार संस्था पाणी 41 अंशांपर्यंतच ठेवावे, त्यात दहा मिनिटांहून अधिक बसू नये आणि सावकाश उठावे, असे सांगते. आत्याला मी टब आणू दिलेला नाही. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी आपल्या घरच्या ज्येष्ठांना आजच फोन करावा.