कांदा, झाड आणि शेणाचा खड्डा: उन्हाळ्यातल्या एका मेसेजला उत्तर

वैशाख लागला की ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. लष्कर भागातले काका तो मुरारच्या वहिनींना पाठवतात, वहिनी डबऱ्याला शेतीवर राहणाऱ्या दिरांना, आणि तिथून तो बटाईदारांच्या फोनपर्यंत पोचतो. मेसेज बराच लांब आहे, पण सांगतो एवढंच: पूर्वीही ऊन असंच होतं, माणसं कणखर होती म्हणून कुणाला काही होत नव्हतं. खिशात कांदा ठेवा, लू (उन्हाच्या गरम वाऱ्याचा झटका) लागणार नाही. लागलीच तर अंगावर गार पाणी ओतू नका, नस फुटते. शेतात आंधी (धुळीचं वादळ) आणि पावसानं गाठलं तर मोठ्या झाडाचा आडोसा घ्या, मोबाइल आणि विळा लांब फेका, पायाळू माणसाला जवळ उभं करू नका. कुणावर वीज पडली तर त्याला शिवू नका, गळ्यापर्यंत शेणात पुरा. आंधी काय, दहा मिनिटांत निघून जाते, भिंतीला टेकून उभे राहा. शेवटी, "आजोबांच्या अनुभवाचे बोल, सर्वांना पाठवा."

शहरात कूलरसमोर बसून हे वाचणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. भितरवार किंवा घाटीगावकडे उघड्या रानात उभ्या असलेल्या माणसाचा मात्र यातल्या काही सल्ल्यांनी जीव जाऊ शकतो. पाठवणारी मंडळी माझीच आहेत आणि काळजीपोटीच पाठवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, "पूर्वीही ऊन असंच होतं." ग्वाल्हेरचं ऊन जुनं आहे, यात वाद नाही. 30 मे 1947 ला इथे 48.3 अंशांची नोंद झाली होती, ऐन नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत. पण तेवढ्यावरून आज काहीच बदललं नाही असं म्हणता येत नाही. 1901 ते 2018 या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं. 1901 पासूनच्या नोंदींत 2024 हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, आणि 2022 चा मार्च हा सर्वांत उष्ण मार्च. त्या वर्षी गव्हाचा दाणा भरायच्या आधीच वाळला, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. ऊन लवकर येतं तेव्हा माणसालाही असाच फटका बसतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि ती सवय होण्याआधीच कापणीत उभं राहावं लागतं. नौतप्याचे नऊ दिवस सांभाळले की सुटलो, असं धरून चालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय बातमीतला आकडा सावलीतला असतो, सरकारी पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचा. थ्रेशरपाशी किंवा पत्र्याच्या छपराखाली त्याहून कितीतरी जास्त भाजतं.

आणि "कुणाला काही होत नव्हतं" हे ठरवलं कोणी? लू लागून गेलेल्या माणसाच्या नावापुढे लू कुठे लिहिली जात होती? ताप डोक्यात गेला, हृदय बंद पडलं, म्हातारपण होतं, अशीच कारणं सांगितली जायची आणि आजही सांगितली जातात. मे 2010 मध्ये अहमदाबादला उष्णतेची लाट आली. त्या महिन्यातले सगळे मृत्यू नेहमीच्या मे महिन्याशी ताडून पाहिले तेव्हा 1,344 जास्त निघाले. त्यातल्या बहुतेकांची नोंद उष्माघात म्हणून झालेली नव्हती. त्या अनुभवातूनच 2013 मध्ये त्या शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला. एवढ्या मोठ्या शहरात मोजणी करेपर्यंत कळलं नाही, मग खेड्यातल्या जुन्या मृत्यूंचा हिशोब कोणाकडे असणार?

आजोबांनी खरोखर जे केलं ते मेसेजमध्ये आलेलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ती माणसं पहाटे चारला रानात जायची, दहाला परतायची आणि उन्हं कलल्यावरच पुन्हा बाहेर पडायची. डोक्याला साफा, पोटात पन्हं नाहीतर सातू. जाड भिंती, वर दगडी पटिया (लांब फरशा), दाराला वाळ्याची ताटी. कोरड्या लूमध्ये ओल्या ताटीतून आलेली हवा खरंच गार होते, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. त्यांना वाचवलं ते या वेळापत्रकानं आणि त्या घरांनी. आज छपरं पत्र्याची आहेत आणि थ्रेशर तासाच्या भाड्यानं येतो. तो दुपारी एकला मोकळा झाला तर मळणी एकलाच होते. अशा मजुराला कणखर व्हायला सांगण्यापेक्षा शेतमालकानं दुपारचं काम बंद ठेवावं. जादा पडणारं भाडं सोसावं लागेल, पण ते सोसण्यासारखं आहे.

कांद्याबद्दल थोडक्यात. कांदा जेवणात खावा, छान लागतो. खिशातल्या कांद्यानं शरीराचं तापमान कणभरही उतरत नाही. माठातलं पाणी जसं पाझरून आणि उडून गार होतं, तसंच आपलं शरीर घामानं गार होतं. घामातून पाणी आणि मीठ जातं, ते भरून काढावं लागतं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावं, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं वाढवू नये. कांद्याचा खरा तोटा असा की खिशात तो असला म्हणून माणूस बाराच्या उन्हात निर्धास्त निघतो. जून सरता सरता हवेत दमटपणा वाढला की घाम वाळत नाही, कूलरही नावापुरता उरतो. तेव्हा 38 अंशांतही माणूस कोसळू शकतो.

आता गार पाणी. या एका ओळीनं किती माणसं गेली असतील, या विचारानंही मला अस्वस्थ व्हायला होतं. लू जोरात लागते तेव्हा शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर जातं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. अंग कोरडंच असेल असं नाही. राबता राबता पडलेला माणूस घामानं निथळत असू शकतो, म्हणून "घाम येतोय, म्हणजे लू नाही" असं समजू नये. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवता आलं तर जगण्याची आशा फार वाढते. गार पाण्यानं नस फुटते हा निव्वळ गैरसमज आहे. काम करता करता कोसळलेल्या तरण्या माणसाला गार पाण्यात बसवणं हा तर डॉक्टरांचाही पहिला उपाय असतो.

शेतावर हे सगळं करता येतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, नलकूप (विंधनविहीर) चालू असेल तर त्याच्या हौदात धरून बसवा. डोकं पाण्याबाहेर राहील आणि एक जण सतत धरून असेल, एवढं पाहा. हौद नसेल किंवा माणूस वयस्क असेल तर अंगावर सतत पाणी ओता आणि पुठ्ठ्यानं, पदरानं, मिळेल त्यानं जोरात वारा घाला. बगलेत, मानेवर, जांघेत ओले फडके ठेवा आणि बदलत राहा. 108 ला फोन आधी करा, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, पन्हं, काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही इथे चालत नाही, कारण हा ताप संसर्गाचा नसतो. आमच्याकडे एका बटाईदाराच्या मुलाला असंच झालं तेव्हा घरच्यांनी त्याला घोंगडी पांघरून खाटेवर निजवलं होतं. शेजारच्या मावशींनी ती घोंगडी ओढून काढली आणि कोणाचंही न ऐकता बादल्या ओतायला घेतल्या. तो मुलगा आज ट्रॅक्टर चालवतो.

यापुढे विजेचे सल्ले. 2022 मध्ये देशात विजेनं 2,887 माणसं गेली, आणि अशा मृत्यूंत मध्य प्रदेश दरवर्षी वरच्या राज्यांत असतो. वीज पडण्यावरच्या 2019-20 च्या अहवालानुसार मेलेल्यांपैकी बहुतेक माणसं झाडाखाली उभी होती. वीज उंच, एकट्या वस्तूवर उतरते, झाडातून खाली येते आणि वाटेत जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. उरलेली जमिनीतून पसरते. झाडाखाली बांधलेल्या म्हशी एकाच वेळी मरतात त्या यामुळे: पुढच्या आणि मागच्या पायांमधल्या अंतरातून प्रवाह त्यांच्या शरीरात चढतो. म्हणजे मेसेज ज्या ठिकाणी उभं राहायला सांगतो, तीच रानातली सर्वांत धोक्याची जागा.

मोबाइल किंवा विळा वीज खेचून आणत नाही. वस्तू किती उंच आहे आणि किती एकटी उभी आहे, यावर जास्त अवलंबून असतं. फोन फेकून द्याल तर 108 ला कळवणार कशानं? तारेचं कुंपण, लोखंडी पाइप, मोटारीचा स्टार्टर, चार्जिंगला लावलेला फोन यांच्यापासून मात्र लांब राहायला हवं. रबरी चपलेचा उपयोग नाही. जी वीज एवढी हवा फोडून आली, तिला बोटभर रबर अडवणार नाही.

पायाळूंचं तर मला सांगायलाच हवं. जन्मताना पाय आधी आले म्हणून आपल्याकडे माणसाला पावसात वेगळं उभं करतात, पोरीबाळींना "तू लांब राहा" म्हणतात. जन्म कसा झाला याचा विजेशी काडीचाही संबंध नाही. ज्या पोरीला सगळ्यांबरोबर पक्क्या घरात घ्यायला हवं तिला उघड्यावर ठेवणं हे पाप आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही. वीज कडाडली की अर्जुनाची दहा नावं घ्यायची सवय आम्हां सगळ्यांना आहे. जरूर घ्या, पण घराकडे चालता चालता घ्या.

वीज किती लांब आहे, कधी निघावं? चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, काम सोडून निघायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पक्कं घर किंवा काचा लावलेली जीप चालते, उघडा ट्रॅक्टर आणि रानातली झोपडी चालत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपास 20 ते 40 किलोमीटरवर पडणाऱ्या विजा दाखवतं, ते बटाईदाराच्या फोनमध्ये आपण स्वतः टाकून द्यावं. कुठेच पोचता येत नसेल तर झाडं, खांब सोडून सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये, आणि एकमेकांत अंतर ठेवावं. हा नाइलाजाचा उपाय आहे, त्यानं माणूस सुरक्षित होत नाही.

वीज पडलेल्याला शिवू नका, हे तर पूर्ण उलटं आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो आणि लावायलाच हवा. विजेनं हृदय आणि श्वास एकदम थांबतात. हृदय कधीकधी आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वास बराच वेळ थांबलेला राहतो, आणि हवा न मिळाल्यानं ते हृदय दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 या वेगानं तीस दाब, मग तोंडानं दोन श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवायचं. एकाच वेळी अनेकांना वीज लागली असेल तर जो मेल्यासारखा पडला आहे त्याच्याकडे आधी धावायचं. कण्हणारा श्वास घेतो आहे, तो थांबू शकतो.

शेणाचा खड्डा ही मिनिटं खाऊन टाकतो. छाती दाबली जाते, जखमांत घाण जाते, आणि गाव भोवती उभं राहून वाट पाहतं. शेण वीज शोषून घेतं असं सांगतात, पण शोषायला अंगात वीज उरलेलीच नसते. माणूस गेलाच तर शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नका, हेही सांगायला हवं. मध्य प्रदेशात विजेनं मृत्यू झाल्यास वारसांना 4 लाख रुपये मदत मिळते. कागद नसला की विधवा तहसिलीच्या खेपा घालत बसते.

राहिली "दहा मिनिटांची" आंधी. 2 मे 2018 च्या रात्री आंधी आली तेव्हा उत्तर प्रदेश आणि राजस्थानात मिळून शंभराहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी आपल्या शेजारच्या आग्रा, धौलपूर, भरतपूर आणि अलवर भागात, पुष्कळशी झोपेत, भिंती आणि छपरं कोसळून. मातीत बांधलेली भिंत जोराच्या वाऱ्यानं ढकलली गेली की वरच्या पटियांसकट खाली येते. म्हणून कच्च्या भिंतीला टेकून उभं राहू नये आणि मे महिन्यात तिच्या लगत खाट टाकू नये. पत्र्यांवर नुसते दगड ठेवून भागत नाही. वाऱ्यात पत्र्याबरोबर ते दगडही उडतात. आकड्यांनी किंवा तारेनं पत्रे वाशांना बांधून घ्यावे, आणि हे काम चैत्रातच उरकावं. क्षितिजावर पिवळी भिंत उठलेली दिसली की भुशाच्या ढिगापाशी पेटलेली चूल आधी विझवायची, जनावरांची दावी सोडायची. आंधी गेल्यावर अंधारात बाहेर पडताना हातात बॅटरी हवी. खाली पडलेल्या तारेत वीज आहे असंच धरायचं, जवळ जायचं नाही, पोरांना जाऊ द्यायचं नाही, आणि वीज कंपनीच्या 1912 ला कळवून लाइनमन येईपर्यंत कोणीतरी वाटेवर उभं राहायचं.